स्टाइलशीटलाही व्याकरण असतं

आपल्या मंडळाच्या ई-अंकाची पानं ज्या एडिटरात बसतात, त्या एडिटरला एचटीएमएल कळतं पण सीएसएस कळत नाही. ते त्याला कळायला हवं, आणि हे काम आपल्या मंडळानं स्वतः अंगावर घ्यायला हवं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. ‘हे कॉम्प्युटरवाल्यांचं, त्यांनाच सांग की’ म्हणून पान उलटू नका. या विषयात कॉम्प्युटर जेवढा आहे, तेवढंच व्याकरण आहे, आणि व्याकरण हा आपला प्रांत आहे.

आधी परिस्थिती सांगतो. आपल्या लॅबमधल्या मशीनवर काही नवीन बसवायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे; दोनशे मुलांच्या हातात ती मशीनं जातात. शिवाय खानापूर, नंदगड, चंदगडकडून येणाऱ्या निम्म्या मुलांकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. म्हणून बीसीएच्या सीनियरनी दोन वर्षांपूर्वी प्रकल्प म्हणून ब्राउझरमध्येच चालणारा एडिटर करून दिला. पत्ता उघडायचा, लॉगिन करायचं, पान बदलायचं, जतन करायचं. चांगलं काम आहे ते. कथा, कविता, लेख यांची पानं उघडली की खुणा निळ्या दिसतात, मजकूर काळा दिसतो, चुकून एखादी खूण बंद करायची राहिली तर लगेच कळतं. पण पानाचं रूप ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे मथळा केवढा, ओळींमध्ये अंतर किती, कवितेला डावीकडे किती जागा, ती फाइल उघडली की सगळं एकाच काळ्या रंगात. तीनशे-चारशे ओळींचा ढीग. मग काय होतं, तर त्या फाइलला एकच मुलगा हात लावतो. तो परीक्षेत असला की अंक थांबतो. आणि तो पुढच्या वर्षी पास होऊन जाणार आहे.

‘रंगीत अक्षरं नसली म्हणून काय बिघडलं?’ असं एका सरांनी मला विचारलं. प्रश्न वाजवी आहे. उत्तर द्यायला जरा मागे जावं लागतं.

सीएसएस ही भाषा होकून व्हियुम ली या नॉर्वेच्या माणसानं १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये मांडली. तेव्हा तो जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत होता, जिथे वेब जन्माला आलं. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती आली. कल्पना अशी की मजकूर एकीकडे आणि त्याचं रूप दुसरीकडे. त्यातही पान लिहिणाऱ्याची आवड, वाचणाऱ्याची आवड आणि ब्राउझरचे स्वतःचे नियम अशा तिन्हींना स्थान, आणि वरून खाली येता येता कोणाचं चालेल ते नियमानं ठरणार. म्हणून नावात ‘कॅस्केडिंग’ आहे. कॅस्केड म्हणजे धबधबा. गोकाकला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

या भाषेचा एक स्वभाव आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. तिला जे समजत नाही ते ती गप्प सोडून देते. ओरडत नाही, थांबत नाही, तक्रार करत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. उद्या भाषेत नवा शब्द आला तर जुन्या ब्राउझरनं त्यापुढे अडून बसू नये, तेवढा शब्द सोडून पुढे जावं, म्हणून. पंचवीस वर्षांपूर्वीची पानं आजही उघडतात यात या समजूतदारपणाचा वाटा मोठा आहे. पण हाच समजूतदारपणा शिकणाऱ्याच्या मुळावर येतो. जावास्क्रिप्टमध्ये चुकलात तर निदान कुठेतरी लाल अक्षरात शिवी मिळते. सीएसएसमध्ये चुकलात तर काहीच होत नाही. अक्षरशः काहीच नाही. मथळा मोठा व्हायचा होता, तो झाला नाही. का, ते सांगायला कोणी नाही.

गेल्या दिवाळी अंकाच्या वेळी पहिल्या वर्षाची एक मुलगी अक्षराचा आकार वाढवायला बसली होती. तिनं ‘फॉन्ट-साइझ’ लिहिलं, पुढे अपूर्णविराम दिला, मग १६ आणि त्याला चिकटून पिक्सेलची खूण. सगळं बरोबर. पान हललं नाही. तासभर ती बसली. कारण काय, तर लेख टाइप करून झाल्यावर कळफलक मराठीच राहिला होता आणि १६ हा आकडा देवनागरीतला पडला होता. ब्राउझरच्या लेखी देवनागरी १ आणि ६ हे आकडे नाहीतच. सीएसएसच्या नियमांत आकडा म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. त्यापलीकडची देवनागरी अक्षरं, मग ती अंक असोत की मुळाक्षरं, नावात चालणारी अक्षरं धरली जातात. म्हणजे तिनं लिहिलं माप आणि ब्राउझरनं वाचलं एक अनोळखी नाव. या नावाचा आकार मला माहीत नाही, असं मनात म्हणून त्यानं ती ओळ टाकून दिली.

आता बघा, इथे एडिटरला सीएसएस कळत असतं तर? आकड्याचा रंग वेगळा, नावाचा वेगळा. १६ ला आकड्याचा रंग आला नाही हे तिला त्याच क्षणी दिसलं असतं. आपण मराठीवाले ही चूक इतरांपेक्षा जास्त करणार, कारण आपण एकाच बैठकीत दोन लिप्यांत लिहितो; कन्नड माध्यमातून आलेले तर तीन. म्हणून सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: रंग ही सजावट नाही. यंत्रानं आपलं लिहिलेलं काय म्हणून वाचलं, याची ती पावती आहे. जी भाषा चुकीबद्दल बोलतच नाही, तिच्यासाठी ही पावती एवढाच काय तो आधार.

अशा आणखी दोन गोष्टी पटकन सांगून टाकतो. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर ती ओळ आणि तिच्या खालची ओळ, दोन्ही जातात, कारण दोन्ही मिळून एकच निरर्थक वाक्य होतं. आणि जावास्क्रिप्टच्या सवयीनं दोन तिरप्या रेघा मारून टिपण लिहिलं तर सीएसएसला ते टिपण वाटतच नाही. ते पुढचा नियमही गिळतं. सीएसएसचं टिपण तिरपी रेघ आणि तारा यांनीच उघडतं आणि तारा-रेघ यांनीच मिटतं. हे एडिटरला माहीत असेल तर ‘टिपण कर’ ही कळ दाबल्यावर तो योग्य त्याच खुणा घालील.

आता हे करायचं कसं? आपला एडिटर मुळातून आपल्या सीनियरनी लिहिलेला नाही, आणि लिहूही नये. तो कोडमिरर नावाच्या मुक्त साधनावर बेतलेला आहे. मराइन हावरबेके या डच प्रोग्रामरनं २००७ साली ते सुरू केलं. ब्राउझरच्या आत कोड लिहिण्याची सोय देणाऱ्या कितीतरी साइटींच्या पोटात तेच आहे. त्याची सहावी आवृत्ती २०२२ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली आणि तिची रचना मला फार पटते. मूळ गाभा लहान ठेवला आहे. प्रत्येक भाषा म्हणजे बाहेरून जोडायचा वेगळा तुकडा. एचटीएमएलचा तुकडा जोडला की पानाच्या आत लिहिलेलं सीएसएस त्याला कळतं, कारण त्या तुकड्याच्या पोटात सीएसएसचाही तुकडा असतो. पण स्वतंत्र सीएसएस फाइल उघडली तर तिला कोणती भाषा लावायची हे आपण सांगावं लागतं. आपल्याकडे ते सांगितलेलं नाही. फाइलच्या नावाचं शेपूट बघून भाषा बदलायची, एवढी ही सुरुवात आहे. बीसीएच्या एखाद्या मुलाची एक दुपार. यावर मंडळात तीन बैठका झाल्या, हे जाता जाता सांगतो.

पण खरी गंमत त्या तुकड्याच्या आत आहे, आणि ती बीए मराठीच्या मंडळींनी बघावी अशी आहे. जुन्या पद्धतीत एडिटर एकेक ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जाई आणि तुकड्या-तुकड्याला रंग देत जाई. मागच्या ओळीच्या शेवटी आपण कुठल्या अवस्थेत होतो तेवढं लक्षात ठेवी. नव्या पद्धतीत भाषेचं पूर्ण व्याकरण लिहून देतात. अक्षरशः ‘ग्रामर’ म्हणतात त्याला. नियम म्हणजे काय, निवडक म्हणजे काय, एका नियमात किती विधानं, विधानात गुणधर्म कुठे आणि किंमत कुठे, हे सगळं सूत्ररूपानं. त्या सूत्रांवरून यंत्र मजकुराचं वाक्यपृथक्करण करतं आणि झाडासारखी मांडणी उभी करतं. आपण दहावीला उद्देश्य-विधेय करत होतो तेच.

आणि सीएसएस दिसते तेवढी साधी नाही. मराठीत ‘कर’ हा शब्द घ्या. ‘तू अभ्यास कर’ यात तो क्रियापद आहे, ‘पालिकेचा कर’ यात नाम आहे, आणि आरतीत ‘कर जोडुनी’ म्हटलं की हात आहे. शब्द तोच, जागेनं अर्थ ठरतो. सीएसएसमध्ये हॅशच्या खुणेपुढे एफ, ए, डी ही तीन अक्षरं आली तर नियमाच्या कंसाबाहेर ती पानावरच्या एका घटकाची ओळख असते, आणि कंसाच्या आत किंमत म्हणून आली तर तो फिकट गुलाबी रंग असतो. अपूर्णविरामाचंही तसंच. कंसाबाहेर तो ‘माउस वर असताना’ यासारखी अवस्था सांगतो, आत गुणधर्म आणि किंमत वेगळे करतो. २०२३ पासून तर नियमाच्या पोटात नियम लिहायची सोय ब्राउझरांनी दिली, त्यामुळे कंसाच्या आतही अपूर्णविराम दिसला की हे विधान आहे की नव्या पोटनियमाची सुरुवात आहे, हे पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. त्या सोयीमुळे आणखी एक झालंय. पूर्वी एखादा महिरपी कंस मिटायचा राहिला की पुढचं बरंचसं बाद व्हायचं आणि पान उघडंनागडं दिसायचं, म्हणून चूक लवकर लक्षात यायची. आता कंस राहिला तर पुढचे सगळे नियम त्या एका नियमाचे पोटनियम समजले जाऊ शकतात. म्हणजे चूक अधिकच शांत झाली. ओळी आपोआप आत सरकवणारा आणि जोडीचा कंस दाखवणारा एडिटर नसेल तर हे डोळ्यांनी शोधणं म्हणजे भाताच्या पोत्यातला खडा शोधणं आहे.

एडिटरची अडचण ब्राउझरपेक्षाही मोठी असते. ब्राउझरला पुरं झालेलं लिखाण मिळतं. एडिटरपुढचा मजकूर मात्र सदैव अर्धवट. माणूस लिहीतच असतो. प्रत्येक अक्षरागणिक पूर्ण फाइल पुन्हा वाचायची तर फोन तापेल. म्हणून कोडमिररचं वाचनयंत्र आधीच्या झाडातला न बदललेला भाग तसाच उचलतं आणि मोडलेल्या जागी शक्य तेवढा अर्थ लावून पुढे जातं. चांगला शिक्षक अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य जसं समजून घेतो, तसं.

इथपर्यंत कोणत्याही भाषेच्या माणसाला लागू. आता आपल्यापुरतं.

सीएसएसमध्ये आपण दिलेली नावं देवनागरीत चालतात. ‘.मथळा’, ‘.ओवी’, ‘.तळटीप’ अशी नावं द्या, ब्राउझर विनातक्रार घेतो. स्वतःचे रंग ठेवायची जी सोय आहे तिच्यातही ‘--शाई’, ‘--कागद’ अशी नावं ठेवता येतात. गुणधर्म मात्र इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात. ते भाषेचे शब्द आहेत, आपले नव्हेत. माझं मत असं की मंडळाच्या फाइलमध्ये नावं मराठीतच असावीत. कारण ती फाइल पुढच्या वर्षी कोणीतरी मराठीची मुलगी उघडणार आहे, आणि ‘.कवितेची-ओळ’ वाचून तिला जे कळेल ते ‘बॉक्स-थ्री-लेफ्ट’ वाचून कळणार नाही.

मग एडिटरनंही ही नावं नीट ओळखायला हवीत, आणि नेमकं इथे पुष्कळ एडिटर घसरतात. कोणीतरी घाईत लिहिलेल्या नियमात ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे इंग्रजी अक्षर, इंग्रजी अंक आणि खालची रेघ, एवढंच धरलेलं असतं. जावास्क्रिप्टमधली शब्दाची तयार खूण तेवढंच ओळखते. त्यात ‘मथळा’ बसत नाही. थोडा शहाणा माणूस ते सुधारून ‘जगातलं कुठलंही अक्षर’ अशी युनिकोडची खूण वापरतो. तरी ‘मथळा’ बसत नाही! कारण युनिकोडच्या वर्गवारीत म, थ, ळ ही अक्षरं आहेत पण काना हे अक्षर नाही, ते ‘चिन्ह’ आहे. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळी चिन्हंच. त्यामुळे शब्द ‘मथळ’पाशी संपतो आणि काना उघड्यावर पडतो. त्याला दुसरा रंग मिळतो; अक्षराची जाडीही बदलली तर तो टिंबाटिंबांच्या वर्तुळावर लटकलेला दिसतो. काना हा अक्षराचा भाग की वेगळं चिन्ह, हा वाद आपल्या व्याकरणाच्या तासाला झाला असता तर आपण म्हटलं असतं की याचा जगण्याशी काय संबंध. हा घ्या संबंध.

कोडमिररच्या सीएसएस व्याकरणात हा घोळ नाही. इंग्रजीपलीकडची अक्षरं आणि चिन्हं नावात सरसकट धरलेली आहेत. म्हणून मी त्याच तुकड्याची बाजू घेतो, आणि ‘आपण आपलंच छोटं काहीतरी लिहू, रंग द्यायला किती लागतं’ या उत्साही सूचनेला माझा विरोध आहे. छोटं काहीतरी लिहिणारे काना विसरतात.

आणखी एक खोच कर्सरची. कोडच्या एडिटरांत सगळी अक्षरं एका रुंदीची असतात असं गृहीत धरायची जुनी सवय आहे; इंग्रजी टंकयंत्राचा तो वारसा. काही एडिटर त्या हिशेबानंच कर्सर कुठे उभा करायचा ते काढतात. देवनागरीत ‘त्र्य’ आणि ‘ा’ यांना एक रुंदी कशी येणार? मग कर्सर दिसतो एका जागी आणि अक्षर पडतं दुसरीकडे. कोडमिररची सहावी आवृत्ती ब्राउझरच्या स्वतःच्या मजकूर-व्यवस्थेवर बरीच विसंबते, त्यामुळे आपल्याला हा त्रास कमी आहे, फोनवरसुद्धा. पण उद्या कोणी ‘दुसरा एडिटर बसवू, तो जास्त झकपक आहे’ म्हणालं तर आधी त्यात एक जोडाक्षरांचा परिच्छेद टाइप करून बघा, मग बोलू.

मला माहीत आहे, काही जणांना वाटतं हा सगळा खटाटोप वाङ्मय मंडळाचा नाहीच. आपण साहित्य बघावं, पान कोणीतरी लावील. हे मला मुळीच पटत नाही. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. भाषा मराठी, ओवी मराठी, आणि लिपी यंत्राला सोसेल ती. अलीकडचं बघायचं तर अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. लॅबमधल्या विंडोज मशीनवर जो ‘मंगल’ फॉन्ट तुम्ही रोज बघता तो र. कृ. जोशींनी घडवला, आणि ते कवी होते. अक्षर कसं दिसावं याची फिकीर मराठीत कवींनी केलेली आहे. आपणच का हात झटकायचे?

आणि पान लावणाऱ्याला मराठी येत नसेल तर काय होतं ते आपण प्रत्येक अंकात बघतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. मथळा ‘मोकळा’ दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पानाची भाषा मराठी आहे हे एका खुणेनं सांगितलं नाही तर काही फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येतात. यादीला आकडे हवेत तर सीएसएसमध्ये ‘देवनागरी’ असा तयार प्रकार आहे, एक शब्द लिहिला की १, २, ३ येतात. तरी आपल्या मागच्या अंकाच्या अनुक्रमणिकेत ते हातानं लिहिलेले होते आणि एक कविता मध्ये घातल्यावर सगळे पुन्हा लिहावे लागले. शब्द पुरा करून सुचवणारा एडिटर असता तर ‘देवनागरी’ हा पर्याय यादीत दिसला तरी असता. सुचवणीचा खरा फायदा मला हा वाटतो. टायपिंग वाचतं म्हणून नव्हे. भाषेत काय काय आहे ते दिसतं म्हणून.

एका मित्राचं म्हणणं वेगळं. ‘एआयला सांगितलं की आख्खी स्टाइलशीट लिहून मिळते, तू कुठे व्याकरण घेऊन बसलास?’ मिळते, खरं आहे. मी स्वतः मागवून बघितली. छान लांबलचक होती, आणि मथळ्याच्या अक्षरांत अंतर वाढवलेलं होतं. शिरोरेघ तुटली. ते दुरुस्त करायला त्या दोनशे ओळींतली ती एक ओळ शोधावी लागते आणि शोधायला फाइल वाचता यावी लागते. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायची पाळी जितकी जास्त येणार, तितकी वाचायला मदत करणाऱ्या एडिटरची गरज जास्त. मित्राच्या मुद्द्यानं माझाच मुद्दा भक्कम होतो असं मला वाटतं. त्याला तसं वाटत नाही.

सास आणि लेस या भाषाही एडिटरात घालाव्यात असा एक प्रस्ताव आहे. सास २००६ ची, लेस २००९ ची. सीएसएसमध्ये स्वतःच्या नावानं किंमती ठेवणं, नियमात नियम लिहिणं या सोयी नव्हत्या तेव्हा या दोघींनी त्या दिल्या, आणि त्या काळात त्यांनी मोठं काम केलं. पण आता या दोन्ही सोयी सीएसएसमध्येच आल्या आहेत. शिवाय त्या भाषा ब्राउझरला थेट कळत नाहीत, आधी त्यांचं सीएसएसमध्ये भाषांतर करून घ्यावं लागतं. मंडळाच्या वीस-बावीस पानांच्या अंकासाठी ही मधली पायरी कशाला? साधं सीएसएस पुरे. जो मुलगा सास शिकलाय त्याचा हिरमोड होईल, पण त्याच्या नोकरीसाठी मंडळाचा अंक गुंतागुंतीचा करू नये.

माझा क्रम असा आहे. भाषेचा तुकडा जोडणं हे लगेच. मग रंगांच्या छटा निवडताना त्या फिकट नकोत. लॅबचे पडदे जुने आहेत आणि दुपारी खिडकीतून ऊन येतं. फोनवर महिरपी कंस शोधायला दोनदा कळफलक बदलावा लागतो, म्हणून उघडल्याबरोबर जोडीचा कंस आपोआप मिटला पाहिजे. पण ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट पुढची आहे. कोडमिररमध्ये आपले स्वतःचे तपासणीचे नियम जोडता येतात, आणि प्रत्येक नियमाबरोबर चुकीच्या जागी दिसणारा संदेश आपण आपल्या शब्दांत लिहू शकतो. एडिटरमधल्या तयार सूचनांचंही भाषांतर करायची सोय त्यात आहे. म्हणजे ‘इथे मराठी आकडा चालत नाही, कळफलक बदलून इंग्रजी आकडा लिहा’ असं त्या पहिल्या वर्षाच्या मुलीला तिच्या भाषेत, त्या ओळीखाली, त्याच क्षणी सांगता येतं. ‘अक्षरांत अंतर वाढवलंय, शिरोरेघ तुटेल’ असं सांगता येतं. ‘ओळींमधलं अंतर कमी आहे, उकार अडकतील’ असंही. हे नियम जगातल्या कुठल्याही तयार एडिटरात मिळतील अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ज्यांची शिरोरेघ तुटते त्यांनीच ते लिहायचे.

नियमाचा कोड बीसीएवाले लिहितील. संदेश कोणी लिहायचे? ते मराठीवाल्यांचं काम. आणि ते सोपं नाही. ‘अवैध मूल्य’ असं लिहिणं सोपं आहे. तसं लिहिलं तर ती मुलगी पुन्हा तासभर बसेल. ‘प्रॉपर्टी’ला गुणधर्म म्हणायचं की प्रॉपर्टीच ठेवायचं, ‘सिलेक्टर’ला मी वर निवडक म्हटलंय ते मलाच फारसं आवडलेलं नाही. हुकूम सोडल्यासारखं बोलायचं की शेजारी बसलेल्या अक्कानं सांगितल्यासारखं? एका ओळीत, फोनच्या पडद्यावर मावेल इतक्यात, आणि न दुखावता. असे पंचवीस-तीस संदेश लागतील असा माझा अंदाज आहे. शनिवारी दुपारी लॅब उघडी असते आणि फादरांनी तीन मशीनं मंडळाला द्यायला होकार दिला आहे. पहिले दहा संदेश मी कच्चे लिहून वाचनालयाच्या फळ्याशेजारी लावले आहेत. शेजारी पेन्सिल बांधून ठेवली आहे. खोडा आणि सुधारा.